मागे उभे राहणाऱ्यांची विद्या

सप्ताहाची कोणतीही पत्रिका हातात घेऊन पाहा. कीर्तनकार महाराजांचे नाव ठळक अक्षरात, बहुधा छायाचित्रासह. त्याखाली मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी. अन्नदात्यांची नावे त्याच्याही खाली. आणि अगदी तळाशी, कागद संपता संपता, एक बारीक ओळ असते : टाळकरी, समस्त भजनी मंडळ व ग्रामस्थ. या ‘समस्त’ शब्दात वीस-पंचवीस माणसे दडलेली असतात. रात्री ९ ते ११ ती माणसे कीर्तनकारांच्या मागे दोन्ही हातांना उभी असतात. बसत नाहीत, बोलत नाहीत, एकटी गात नाहीत. त्यांची नावे कुणी विचारत नाही आणि त्यांचीही त्याला हरकत नसते.

वाचकहो, या माणसांना नेमके काय येते, याचा विचार आपण सहसा करत नाही. टाळ काय, कुणीही वाजवील, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु पंचवीस माणसांनी एका वेळी, एका सुरात, एका लयीत, समोर कागद नसताना आणि कुणी हातवारे करून चालवत नसताना गावे, ही सोपी गोष्ट नाही. ही विद्या आपल्या संप्रदायाने काही शतकांत घडवली आहे. तिचा इतिहास महाराजांच्या चरित्रांत सापडतो, पण कडेकडेने सापडतो. तो थोडा गोळा करून आपल्यापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात तुकोबारायांपासून करू, कारण या बाबतीत त्यांनी स्वतःच साक्ष दिली आहे. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात महाराज आपला पूर्वकाळ सांगतात. दुष्काळ, घरातले मृत्यू, धंद्यातले अपयश हे सारे येऊन जाते. मग देवळाची डागडुजी येते आणि त्यानंतर कीर्तनाचा आरंभ. तो आरंभ कसा झाला? महाराज म्हणतात की, आधी अभ्यासात चित्त नव्हते. मग संतांची वचने विश्वासाने, आदराने पाठ केली. आणि जे पुढे उभे राहून गात होते, त्यांच्या मागे राहून शुद्ध भावाने ध्रुपद धरले. ज्यांच्या अभंगांवाचून आज आपले एकही कीर्तन होत नाही, ते तुकोबा आधी टाळकरी होते. देहूच्या देवळात त्यांच्यापुढे उभे राहून गाणारे ते कोण होते, त्यांचे नावही इतिहासात उरले नाही. उरले ते मागे उभे राहणाऱ्याचे.

ध्रुपद धरणे म्हणजे काय, हे गाथा उघडलीत तर कागदावरही दिसेल. अभंगाच्या पहिल्या कडव्यापुढे १ हा आकडा असतो. दुसऱ्या कडव्यापुढे २ असायला हवा, पण तिथे ‘ध्रु.’ असे लिहिलेले असते, आणि २ हा आकडा तिसऱ्या कडव्यापुढे येतो. नव्या वाचकाला हा मोजणीतला गोंधळ वाटतो. वास्तविक ती टाळकऱ्यांची जागा आहे. पुढच्याने एक कडवे म्हणावे, मागच्यांनी ध्रुपद घ्यावे, पुन्हा पुढच्याने पुढचे कडवे म्हणावे. म्हणजे अभंग रचला जातानाच त्यात मागच्या माणसांसाठी जागा राखलेली आहे. छापखान्यांनी ग्रंथ छापले, टीका झाल्या, अर्थ लिहिले गेले, तरी ते एकाक्षरी ‘ध्रु.’ आपल्या जागेवर तसेच राहिले.

आता ध्रुपद धरणाऱ्याला काय करावे लागते ते पाहू. पुढचा गाणारा कडव्याच्या शेवटी श्वास घेतो, तेवढ्या अवकाशात मागच्याने स्वर उचलायचा असतो. लवकर उचलला तर पुढच्याचा शब्द तुटतो. उशीर झाला तर लय पडते. स्वर वर लागला तर पुढच्याला पुढचे कडवे चढे घ्यावे लागते आणि तासाभरात त्याचा गळा बसतो. खाली लागला तर सगळी सभा हळूहळू खाली उतरते. शिवाय त्याने आपला आवाज इतका मोठा करायचा नसतो की शेजारचा ऐकू येणार नाही. शेजारचा ऐकू आला नाही की माणूस एकटा गाऊ लागतो, मग भोवती पन्नास जण असोत. भजनात आवाज किती लावावा याचे याहून चांगले माप मला ठाऊक नाही : शेजाऱ्याचा ऐकू येईल इतका.

तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहत, असे परंपरा सांगते. वेगवेगळ्या याद्यांत नावे थोडी मागेपुढे होतात, पण काही नावे पक्की आहेत. चाकणचे संताजी जगनाडे, धंद्याने तेली. कडूसचे गंगारामपंत मवाळ, जातीने ब्राह्मण. महाराजांचे धाकटे बंधू कान्होबा. काही याद्यांत नावजी माळी आणि शिवबा कासार यांचीही नावे येतात. तेलाचा घाणा चालवणारा, भांडी घडवणारा, मळा शिंपणारा आणि पोथी वाचणारा अशी ही मंडळी एका ओळीत उभी होती. त्या काळच्या गावात एका पंगतीला बसणे ज्यांना अशक्य, ती माणसे एका ध्रुपदावर एकत्र श्वास घेत होती. आपण समतेविषयी पुष्कळ बोलतो. टाळकऱ्यांच्या ओळीत ती रोज रात्री अंगाने करावी लागते, कारण शेजारचा कोण आहे याचा विचार करत बसलो तर सम निघून जाते.

संताजींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संताजी आणि गंगारामपंत हे दोघे तुकोबांचे लेखक म्हणून ओळखले जातात. संताजींच्या हातच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या वह्यांवरून ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी पुढे गाथा छापली. टाळकरी आणि लेखक एकच माणूस असावा, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. कीर्तनात नवा अभंग उभा राहिला की मागच्याला तो पहिल्यांदाच ऐकून उचलावा लागतो. ऐकलेले तत्काळ धरून ठेवण्याची ही सवय ज्याच्या कानाला लागली, त्याच्या लेखणीत शब्द सांडत नाहीत. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. देहूला जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून तिथेही जावे.

आता प्रश्न असा, की एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या गावांची माणसे एकत्र आली तरी अर्ध्या घटकेत एका चालीवर कशी येतात? याचे निम्मे श्रेय अभंगाच्या बांधणीला आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगाचे दोन चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे. मोजायची ती अक्षरे, लघुगुरूचा हिशेब नाही. गाताना ऱ्हस्व लांबवता येते, दीर्घ आवरता येते. याचा अर्थ असा की मोठ्या अभंगाची एक चाल ज्याला आली, त्याला त्या छंदातले हजारो अभंग म्हणता आले. विदर्भातला वारकरी आणि कोकणातला वारकरी पंढरपुरात शेजारी उभे राहिले तरी कुणाला काही शिकवावे लागत नाही. शास्त्रीय गायनाच्या बैठकीत गायक आणि तबलजी अनोळखी असले तर आधी थोडे बोलून घेतात. आपल्याकडे ते बोलणे संतांनी छंदातच करून ठेवले आहे.

उरलेले निम्मे श्रेय पाठांतराचे. नारदीय कीर्तनात बुवा बहुतेक सर्व भार एकटे वाहतात. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, पदे, साकी, दिंडी हे त्यांचेच असते आणि साथीला पेटी-तबला. त्या पद्धतीचे आपले सौंदर्य आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. वारकरी कीर्तन मात्र मागच्यांवाचून उभेच राहत नाही. एक अभंग निरूपणाला घेतला जातो, आणि निरूपणाच्या ओघात महाराज प्रमाण म्हणून दुसऱ्या अभंगाचे दोन शब्द उच्चारतात. तेवढ्यावर मागच्यांनी तो ओळखायचा, उचलायचा आणि चालीवर घ्यायचा. तो नाथांचा आहे, की निळोबारायांचा, की ज्ञानोबारायांच्या हरिपाठातला, हे विचारायला वेळ नसतो. तेव्हा ‘टाळकरी’ हा शब्द फसवा आहे. टाळ हे त्याच्या हातात दिसते. खरे वाद्य त्याच्या पाठांतरात असते. आणि प्रमाण संपून महाराज बोलू लागले, की पंचवीस टाळांपैकी एकाचाही किणकिणाट उरता कामा नये. टाळ वाजवायला आठवड्यात येतो. टाळ एकदम थांबवायला वर्षे जातात.

(जाता जाता : टाळाच्याही आधीचे वाद्य टाळी. गोरोबाकाकांची कथा आपण जाणताच. नामदेवरायांच्या कीर्तनात सर्वांनी हात वर करून टाळी वाजवली आणि थोटे हात पुन्हा फुटले, असे ती कथा सांगते. टाळी एका हाताने वाजत नाही, हे त्या कथेत कुणी बोलून दाखवत नाही.)

देवळातल्या आणि वाळवंटातल्या या विद्येला रस्त्यावर आणण्याचे काम पुढे झाले. तुकोबारायांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली ज्ञानोबाराय आणि तुकोबाराय यांच्या पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ या भजनाची जोडी तिथून रस्त्याला लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात, १८३२ च्या सुमारास, हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. हैबतबाबा सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले. गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरले, बंदीत त्यांनी हरिपाठाचा धावा केला, सुटका झाली आणि ते आळंदीस येऊन राहिले, असे परंपरा सांगते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि सरंजाम दिला. वासकरांसारखे फडकरी आपल्या दिंड्या घेऊन सामील झाले.

हैबतबाबांनी लष्कर जवळून पाहिले होते, हे विसरू नका. हजारो माणसे कोणत्या क्रमाने चालवावी, कुठे थांबवावी, कोणाच्या इशाऱ्यावर उठवावी, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ती शिस्त भजनाला दिली. प्रत्येक दिंडीची जागा ठरली. आज रथापुढे २७ दिंड्या असतात, रथामागे त्याहून कितीतरी अधिक. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी, पुढे हरिपाठ आणि वारांचे अभंग असा दिवसभराचा क्रम लागला. त्यामुळे ‘आता काय म्हणायचे’ हा वाद दिंडीत होत नाही. चार माणसांनी मिळून गायचे ठरवले तर निम्मा वेळ कुठे जातो, हे ज्यांनी गावात भजनी मंडळ चालवले आहे त्यांना सांगायला नको.

दिंडीची रचनाही पाहण्यासारखी आहे. पुढे पताकाधारी. मग समोरासमोरच्या दोन ओळींत टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंगी. मागे विणेकरी, आणि त्यांच्या मागे तुळशी वृंदावन व पाण्याची घागर घेतलेल्या माउली. मृदंगी मध्येच का? याचे उत्तर ध्वनीच्या चालीत आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दिंडी ६० मीटर लांब पसरली, तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो. संथ चालीत हे कळत नाही. पण भजन रंगात येऊन लय वाढली, की एवढ्या वेळात मात्रा सरकते आणि मागचे टाळकरी मनापासून वाजवत असूनही मागे पडतात. मृदंगी मध्ये असला की हे अंतर निम्मे होते. समोरासमोर ओळी असल्या की कानाला जे उशिरा कळते, ते डोळ्याला आधी कळते : समोरच्याचे हात दिसतात, त्याचे पाऊल दिसते. जुन्यांनी हे गणित मांडले नसेल. चालता चालता त्यांना ते उमगले असेल आणि पुढच्यांनी ते मोडले नाही.

विणेकरी मागे असतो, तरी दिंडी त्याची. सूर त्याचा. जुन्या वळणाच्या दिंडीत पेटी नसते, वीणेच्या तारेवरूनच सर्वांनी स्वर घ्यायचा. मृदंगाची शाईची बाजू त्याच सुराला लावलेली, डाव्या बाजूला कणीक. आषाढात पावसाने कातडे ओले होते, दुपारी ऊन पडले की ताणते, तेव्हा वादीखालचे गठ्ठे ठोकून मृदंगी वाटेतच सूर जुळवून घेतो. तेवढा वेळ टाळकरी नुसत्या टाळांवर भजन चालू ठेवतात, आणि मृदंग परत आला की त्याच्यासाठी लय किंचित सैल करतात. कुणी सांगत नाही. वीणा खाली ठेवायची नसते. विणेकऱ्याला विश्रांती हवी असेल तर दुसरा पुढे येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. या देण्याघेण्यात सूर तुटत नाही. पुढारीपण कसे सोडावे आणि कसे घ्यावे, याचा एवढा नेटका विधी मी अन्यत्र पाहिलेला नाही. ज्याला वीणा देता येत नाही, त्याच्या गळ्यात ती घालू नये असे जुनी माणसे म्हणत, ते बरोबरच होते.

आणि पुढची-मागची दिंडी वेगळाच अभंग वेगळ्याच चालीवर म्हणत असते! घाटात तर तीन-तीन दिंड्यांचे सूर एकमेकांवर येतात. अशा वेळी आपल्या मृदंगाला कान लावून बाकीचे कानाआड करणे, हीही टाळकऱ्याची एक विद्या आहे.

पण माझ्या मते या साऱ्याची खरी परीक्षा मुक्कामाला होते, समाज आरतीच्या वेळी. संध्याकाळी पालखी तळावर येते. सर्व दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. सगळ्यांचे टाळ-मृदंग एकाच वेळी चालू असतात, कानठळ्या बसतात. मग चोपदार मध्ये येतात, चोप वर करतात आणि ‘होऽऽ’ अशी हाळी देतात. क्षणात सारे थांबते. दिवसभर चाललेली हजारो माणसे एका चोपाखाली गप्प होतात. ज्यांनी ही शांतता ऐकली आहे त्यांना ती ठाऊक आहे, इतरांना सांगून कळणार नाही.

मात्र कधीकधी एखादी दिंडी थांबत नाही. बाकी तळ शांत आणि तिचे टाळ चालूच. नवख्याला वाटते, यांना शिस्त नाही. परंतु तसे नसते. त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. वाटेत कुणी क्रम मोडून पुढे घुसले असेल, उतरायची जागा नीट मिळाली नसेल, पाण्याचा प्रश्न असेल. चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, तोड काढतात. समाधान झाले की त्या दिंडीचे टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते. तोवर आरती थांबलेली असते.

विचार करून पाहा. एवढ्या समुदायात नाराजी असणारच. ती बोलून दाखवली तर भांडण होते, दाबली तर ती आत साचते आणि पुढच्या वर्षी दिंडी फुटते. आपल्या पूर्वजांनी त्या नाराजीला टाळाच्या नादात जागा दिली. तक्रार भजनाच्याच वाद्याने करायची, सर्वांच्या देखत करायची, आणि ती ऐकल्याशिवाय माउलींची आरती पुढे जाणार नाही! एक दिंडी विरुद्ध बाकी सारा सोहळा, तरी सोहळा तिच्यासाठी उभा राहतो. एकत्र गाणाऱ्यांना सूर आणि लय यांच्याइतकेच हेही यावे लागते : आपले बिनसले आहे हे केव्हा आणि कसे कळवावे, आणि दुसऱ्याचे बिनसले असता आपण किती थांबावे. भजनी मंडळे सूर बिघडल्यामुळे क्वचितच मोडतात. पहिला अभंग कोणी म्हणायचा, मृदंग कोणाच्या घरी ठेवायचा, यावरून ती मोडतात.

ही विद्या फार काळ फडांतून आणि घराण्यांतून चालत आली. मुलगा बापामागे उभा राहून शिकला. तिला शाळेचे रूप विष्णुबुवा जोग महाराजांनी दिले. १९१७ च्या गुढीपाडव्याला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू झाली. जोग महाराज तरुणपणी तालमीतले, कुस्तीचे शौकीन, आणि पुढे गाथेचे अर्थकार. त्यांच्यासोबत बंकटस्वामी होते, सोनोपंत दांडेकर होते. संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यात ज्ञानेश्वरी, गाथा आणि शास्त्रग्रंथांबरोबर गायन आणि मृदंगही आले. म्हणजे पुढे कीर्तनकार होणारा विद्यार्थी आधी इतरांच्या कीर्तनात मागे उभा राहतो, टाळ धरतो, प्रमाणे उचलतो. तुकोबा ज्या वाटेने गेले, तीच वाट संस्थेने कायम ठेवली. आज आळंदीत गल्लोगल्ली मृदंगाचे बोल ऐकू येतात, मुलीही मृदंग शिकताना दिसतात, ही समाधानाची बाब आहे.

आता थोडे कडू बोलायचे आहे, ते मायबाप वाचकांनी गोड करून घ्यावे. गेल्या काही वर्षांत सप्ताहांत ध्वनिक्षेपकाची मांडणी पाहा. महाराजांना एक, दोन गायकांना दोन, मृदंगाला दोन. टाळकऱ्यांना एकही नाही, आणि त्यांना तो हवा असेही नाही. परंतु परिणाम काय होतो? कर्ण्यातून दोन गायकांचा आवाज एवढा मोठा येतो की मागच्या पंचवीस जणांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, शेजाऱ्याचा तर दूरच. हळूहळू ते गायचे थांबतात. ओठ हलवतात, पावली टाकतात, टाळ वाजवतात. प्रमाण आले की दोन गायक ते म्हणतात, लांब ताना घेतात, सभा वाहवा करते. गायक गुणी आहेत, त्यांचा दोष नाही. पण ज्याला गावे लागत नाही तो पाठ करत नाही. जिथे दोघांचे पाठांतर पुरते, तिथे पुढच्या पिढीत दोघांचेच पाठांतर उरते. चाली इतक्या अवघड आणि नवनव्या बसवल्या जातात की त्या एकट्याने गाण्याजोग्या होतात, सर्वांनी उचलण्याजोग्या राहत नाहीत. आणि मृदंग ध्वनिक्षेपकावर गेला की त्याचा ठोका कर्ण्यातून येतो. टाळकरी मग मृदंग्याच्या हाताकडे पाहणे सोडून देतो.

ध्वनिक्षेपक काढून टाका, असे मी म्हणत नाही. पाच हजारांच्या सभेत महाराजांचा शब्द शेवटच्या आजीपर्यंत पोचलाच पाहिजे. परंतु काही गावांनी केलेली तडजोड सांगण्यासारखी आहे. निरूपणाला ध्वनिक्षेपक ठेवायचा आणि संध्याकाळचा हरिपाठ त्याशिवाय करायचा. मंडपात नुसती वीणा, मृदंग, टाळ आणि गावातली लहानथोर माणसे. दोन ओळी समोरासमोर. एका ओळीने म्हणायचे, दुसरीने घ्यायचे. पहिले दोन दिवस आवाज फुटत नाहीत, माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ओळ उभी राहू लागते. दहा वर्षांचा मुलगा टाळ जोरात वाजवत असतो, शेजारचे आजोबा त्याच्या टाळावर नुसती बोटे ठेवतात, तो त्यांच्याकडे पाहतो आणि हलके वाजवू लागतो. अशा गावच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनात मागून येणारे ध्रुपद वेगळे ऐकू येते.

यंदा वारीत गोल रिंगणाला गेलात, तर अश्वांची धाव पाहून झाल्यावर लगेच माघारी वळू नका. त्यानंतर उडी असते. दिंड्यादिंड्यांतले मृदंगी आणि टाळकरी पालखीभोवती एकत्र येतात. कोणी सातारचा, कोणी परभणीचा, पुष्कळांनी एकमेकांना त्या क्षणापर्यंत पाहिलेलेही नसते. गर्दीत पुढे जाण्याची धडपड न करता एखाद्या उंचवट्यावर उभे राहा आणि मृदंग्यांच्या हातांऐवजी त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. ते आपल्या मृदंगाकडे पाहत नसतात. चोपदाराकडे, शेजाऱ्याकडे, समोरच्या टाळांकडे पाहत असतात, आणि लय वाढत जाते.